धक्क्यावरची रांग

लग्न लागलं म्हणजे संसार झाला असं समजणारी माणसं असतात ना, तशीच गेम बाजारात आला म्हणजे काम संपलं असं समजणारीही असतात. अहो, खरं दुखणं तिथूनच सुरू होतं! हजारो लोक एकाच वेळी ज्या दुनियेत शिरतात, कुणी योद्धा होतं, कुणी वैद्य, कुणी चोर, ती दुनिया एकदा उघडली की तिला सतत खायला घालावं लागतं. नवा डोंगर आणा, नवं शहर आणा, नवा राक्षस आणा. वर्षभर खपून नवा प्रदेश उभा करावा, लोकांनी तो शनिवार-रविवारी फस्त करावा आणि सोमवारी सकाळी विचारावं, "पुढे काय?" नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे नऊ कुठले, दोनच.

अशा एका गेमच्या ऑफिसात आपली ही बाई नोकरीला होती. पात्रांच्या तोंडचे संवाद लिहायचे, खेळणाऱ्यांना कामगिऱ्या नेमून द्यायच्या, हे तिचं काम. ऑफिसात तिला सगळे बोटवाली म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने.

झालं होतं असं. गेम सुरू व्हायच्या गडबडीत दक्षिणेच्या टोकाला एक धक्का बांधून तयार होता, पण त्याच्या पलीकडचं बेट तयार नव्हतं. पुढच्या खेपेला करू, म्हणून सगळ्यांनी हात झटकले. रिकामा धक्का बरा दिसेना, म्हणून तिथे एक नावाडी उभा केला आणि त्याच्या तोंडी एखादं वाक्य घाल, असं हिला सांगितलं. ही तेव्हा नवीनच लागलेली. तिने लिहिलं, "थांबा. बोट येईल."

पुढे बेटाचा बेत बारगळला. नावाड्याला मात्र ते कुणी कळवलं नाही. आणि लोक थांबले की हो! पहिल्या वर्षी चार-दोन रिकामटेकडे थांबले, मग त्यांच्यामागे आणखी काही, आणि बघता बघता धक्क्यावरून वाळूत, वाळूतून रस्त्यावर अशी रांग गेली. रांगेचे कायदे त्यांनीच केले. पुढचा कोण, मागचा कोण, हे प्रत्येकाने लक्षात ठेवायचं. खुशाल लढाया करून या, घरी जेवून या, झोपून या, पण परत आलात की आपल्या पुढच्याला शोधून त्याच्यामागे उभं राहायचं. घुसखोराशी कुणी बोलायचं नाही. बोटवालीच्या नवऱ्याला हे ऐकून हसू आवरेना. तो रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करायचा. म्हणाला, "आमच्याकडे गाडी आली नाही तर लोक दगड मारतात. तुमच्याकडे रांग लावतात. मला घे तुमच्याकडे."

तिला मात्र हसू येत नसे. दर नव्या प्रदेशाच्या बैठकीत ती बेटाचं घोडं पुढे दामटायची आणि दर खेपेला ते मागे ढकललं जायचं. एकदा वाळवंट आलं, एकदा बर्फ आलं, एकदा म्हणे ढगांवरचं शहर आलं. साहेबांना ऑफिस थंडोबा म्हणायचं, कारण आग लागली तरी ते "थंड घ्या" म्हणतील अशी सगळ्यांना खात्री होती. ते म्हणायचे, "अगं, रांग लावणारे खूश आहेत. बोट दिली तर रांग संपेल. कशाला हात लावायचा?"

"सर, आपण शब्द दिलाय."

"आपण कुठे? नावाड्याने दिलाय."

अशा माणसाशी काय वाद घालणार!

त्यात घरातून भर पडली. तिच्या सासूबाई पूर्वी हॉस्पिटलात मेट्रन होत्या, अख्खे वॉर्ड त्यांनी धाकात ठेवलेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसून त्यांना करमेना. सून दिवसभर नेमकं करते तरी काय ते बघू, म्हणून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर गेम लावला. वैद्य होतील असं सगळ्यांना वाटलं. "जन्मभर तेच केलं," म्हणाल्या, आणि कुऱ्हाडवाली राक्षसीण झाल्या. फिरत फिरत एक दिवस धक्क्यावर पोचल्या, नावाड्याचं ऐकलं आणि रांगेत उभ्या राहिल्या. महिन्याभरात एका बोटाने टाइप करून त्यांनी रांगेला अशी शिस्त लावली की सगळे त्यांना मावशी म्हणायला लागले.

मग रोज संध्याकाळी सून दारात चप्पल काढते न काढते तोच प्रश्न यायचा, "काय गं, बोटीचं काय झालं?"

"आई, प्रयत्न चाललाय."

"प्रयत्न चाललाय हे नातेवाइकांना सांगायचं वाक्य असतं. मी पुष्कळदा सांगितलंय. मला खरं सांग."

सातव्या वर्षी खरं सांगायची वेळ आली. थंडोबांनी बैठकीत जाहीर केलं की पुढच्या विस्तारात ड्रॅगनचा डोंगर येणार आणि धक्का पाडून तिथे टोप्या आणि घोड्यांच्या झुली विकायचं दुकान होणार. रांगेतल्या लोकांचं काय, असं तिने विचारलं. "दुकानात रांग लावतील," साहेब म्हणाले, आणि बैठकीत खसखस पिकली.

बोटवाली हसली नाही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "डोंगराबरोबर मी बेट देते. जादा माणूस नको, जादा दिवस नको. डोंगराच्या दिवशी बोट आली नाही, तर धक्का मी माझ्या हाताने पाडते."

थंडोबांनी खांदे उडवले. "बघ बाई. पण डोंगराचं काम अडता कामा नये."

तिथून पुढे तिने जे केलं त्याला हट्ट म्हणा, वेड म्हणा, मी चिकाटी म्हणतो. दिवसभर ड्रॅगनचे संवाद लिहायचे आणि मधल्या सुट्टीत बेट. नकाशे बनवणारा एक अबोल सहकारी होता, नकाशेवाला. त्याला तिने गाठला. नवं काही बनवायला सवड नव्हती, म्हणून दोघांनी जुन्याचं सोनं केलं. वाळवंटातले खडक उलटे करून कडे केले. बर्फातल्या झाडांना हिरवा रंग दिला. ढगांवरच्या शहरातला एक पडका हौद आणून त्याची विहीर केली. एका किनाऱ्यावर फुटक्या गलबताचा सांगाडा पडला होता, त्याला फळ्या ठोकून, शीड लावून चाळीस माणसांची बोट केली. नकाशेवाल्याच्या नाकी नऊ आले, पण त्याने तक्रार केली नाही. एकदाच म्हणाला, "मीही रांगेत होतो. इथे नोकरी लागली म्हणून नंबर सोडावा लागला."

दिवस उजाडला. सकाळी ऑफिसातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापुढे सगळे जमले. ड्रॅगन झोकात उडाला, टाळ्या पडल्या. मग पडद्यावर धक्का आला. रांग पार टेकडीमागे गेली होती. धुक्यातून शीड दिसलं, बोट लागली, आणि सगळा धक्का आनंदाने उड्या मारायला लागला.

पण पुढे कुणी सरकेना. पहिल्या नंबरचा म्हातारा जादूगार जागच्या जागी पाय हलवत होता. त्याच्यामागचेही तसेच. ठरलेली वेळ झाली आणि बोट रिकामीच निघून गेली.

तिचा फोन वाजला. "अगं, तुझी बोट आली आणि तशीच गेली! इथे माणसं रडायच्या बेताला आलीत!"

"आई, ठेवा. बघते."

तिने आपल्या टेबलावर साधं खातं उघडलं, घरी कुणीही उघडेल तसं, आणि धक्क्याच्या टोकाला चालत गेली. थाडकन अडली. समोर काही नव्हतं आणि पाऊल पुढे पडत नव्हतं. नकाशेवाल्याने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सात वर्षांपूर्वी लोक समुद्रात पडू नयेत म्हणून धक्क्याच्या काठाला एक न दिसणारी भिंत घातली होती. ती काढायची राहिली होती. आणि कुणाच्या लक्षात येणार कशी? तपासणी करणाऱ्यांची खाती भिंतीतून आरपार जातात, वेळ वाचावा म्हणून मुद्दाम तशी केलेली असतात. सगळ्यांनी शेकडो वेळा बोटीत चढून पाहिलं होतं, त्या भिंतीतून चालत जाऊन. सगळं मुसळ केरात!

"थंड घ्या," साहेब म्हणाले. "धक्का बंद करा. पुढच्या महिन्यात बघू."

"भिंत आत्ता निघेल सर," बोटवाली म्हणाली. " तेवढा परिसर बंद करून परत चालू करायचा."

"म्हणजे सगळे बाहेर फेकले जाणार. परत येतील ते शहराच्या चौकात उतरणार आणि धावत सुटणार. सात वर्षांची रांग मोडणार. कोण ऐकून घेईल?"

हे खरं होतं, आणि तिला ते साहेबांहून जास्त लागत होतं. तरी ती म्हणाली, "आज बंद केलात तर पुन्हा उघडणार नाही, तुम्हालाही माहितीये. त्यांना एकदा थांबा म्हटलं त्याला सात वर्षं झाली. दुसऱ्यांदा मी म्हणणार नाही. शिव्या माझ्या नावावर घ्या."

आणि तिने सूचना लिहिली. तांत्रिक अडचण वगैरे नाही. लिहिलं, "काठावरची जुनी भिंत काढायला आम्ही विसरलो. ती पाडायची तर तुम्हाला बाहेर काढावं लागेल. रांग मोडेल, ते मला थांबवता येणार नाही. बोट आजच पुन्हा येईल." थंडोबा "असं कुणी लिहितं का!" म्हणेपर्यंत ती धाडलीसुद्धा.

धक्का काळा झाला. परत उजळला तेव्हा ओसाड होता. मग एकेक जण चौकातून पळत येऊ लागला. नकाशेवाल्याने साधं खातं काठापलीकडे चालवून पाहिलं. भिंत गेली होती. तेवढ्यात बोट लागली. धक्क्यावर एव्हाना शे-दीडशे माणसं होती, आणि एकही जण चढत नव्हता. बोट दुसऱ्यांदा रिकामी गेली.

"अजून बिघडलेलंच आहे!" साहेबांनी बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

बोटवालीने चक्क साहेबांचं मनगट धरलं. "थांबा. काही बिघडलेलं नाही. वाचा, ते काय बोलतायत."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोलणी भराभर सरकत होती. माझ्यापुढे निळ्या टोपीवाला होता, कुठे आहे? मी इथे, माझ्यामागे या. कोळीणबाई, तुमची जागा इकडे. मावशी, तुमच्यापुढे मी. आणि मधूनमधून एकाच एका बोटाने टाइप केलेलं, "ढकलाढकली नको. पहिला नंबर अजून आलेला नाही. तोवर कुणी चढायचं नाही."

साहेबांनी हात मागे घेतला. धक्क्यावर एकाला एक जोडत रांग परत वाळूपर्यंत गेली, रस्त्यापर्यंत गेली, आणि सगळ्यात पुढची एका माणसाची जागा मोकळी राहिली. तिसरी बोट दिसू लागली तेव्हा चौकाकडून म्हातारा जादूगार धापा टाकत आला. लोकांनी वाट करून दिली. तो टोकाला गेला, क्षणभर थांबला, आणि त्याने पाऊल टाकलं. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, असे चाळीस.

शीड फुगलं आणि बोटवालीला रडू फुटलं. सगळ्या ऑफिसादेखत, हुंदके देऊन. आपण या लोकांना फसवलं, हा सल सात वर्षं उरात होता, आणि ती माणसं तर तिच्या चुकीसकट एकमेकांना सांभाळून उभी होती.

फोन परत वाजला. "गेले गं पहिले! बघितलंस ना?"

"बघितलं, आई."

"मग रडतेस कशाला? आम्ही अजून अलीकडेच आहोत. टेकडीपर्यंत माणसं उभी आहेत आणि बोट तुझी एक!"

तिने ओढणीने तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि नकाशेवाल्याला म्हणाली, "तो फुटका सांगाडा परत काढ. दुसरी बोट करायचीय."