चटणीचं ताट दिसलं की वळायचं

किस्से काही कुणी ठरवून करत नाही. चार शहाणी माणसं एका भाड्याच्या गाडीत कोंबा, दारं लावा, पुढचं आपोआप होतं. सिंगापुरात आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर रविवारी मंडळी जेवायला जमली की कुकरची वाफ जिरायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "मावशी, ते इटलीचं सांगा ना!" मी सांगते. मला कसली लाज? जिला लाज वाटायला हवी ती व्यक्ती, म्हणजे माझा मुलगा सिद्धार्थ, ओट्याशी खाली मान घालून कांदा चिरत असते.

आमची मंडळी थोडकीच. सिद्धार्थ इंजिनिअर. सून प्रज्ञा, युनिव्हर्सिटीत संशोधन करते. नात मैत्री, बोलायला माझ्यावर गेलेली, फक्त इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावते. आणि प्रज्ञाच्या लॅबमधला मिलिंद. पासिर रिसला एकटा राहतो आणि जेवायच्या वेळेला बरोबर इथे उगवतो. मी चौथी शिकलेली. पण तोंड उघडायला मला कुणाचा पास लागत नाही.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. प्रज्ञाला गाडी चालवायची आहे. दोनदा नापास झाली, रडली नाही, तिसऱ्यांदा पास झाली. रीतसर लायसन्स आहे. इथे गाड्या भयंकर महाग, विकत घ्यायचं आमच्यात कुणी नाव काढत नाही, म्हणून अधूनमधून रविवारी भाड्याने घेतो. आणि दर वेळी किल्ली सिद्धार्थच्या खिशात. "पुढच्या वेळी नक्की देतो गं. रस्ता मोकळा असला की."

रस्ता मोकळा! सिंगापूरमध्ये!

* * *

पहिला किस्सा इथलाच. इथे मोठ्या रस्त्यांवर लोखंडी कमानी आहेत. गर्दीच्या वेळी खालून गेलं की गाडीतला डबा 'टिंग' करतो आणि पैसे कापून घेतो. सिद्धार्थला त्या टिंगचा भयंकर राग.

तोआ पायोहला एका बाळाच्या नामकरणाला निघालो. हा पठ्ठ्या एकेक कमान चुकवत, गल्लीबोळातून, उलटसुलट वळणं घेत सुटला. मैत्रीला मळमळायला लागलं. माझ्या मांडीवर गुलाबजामचं पातेलं, अर्धा पाक साडीने प्याला. पोचलो तर बाळाचं नाव ठेवून झालेलं, लोक हात धुवायला उठलेले.

पार्किंगमध्ये हा छाती काढून म्हणतो, "बघितलंस आई? एकदाही टिंग नाही!"

मैत्रीने खिडकीला टेकवलेलं डोकं उचललं. "पप्पा, टुडे संडे. संडे नो चार्ज, लाह!"

सिद्धार्थ प्रज्ञाकडे वळला. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"मी कुठे चालवत होते?" प्रज्ञा म्हणाली आणि पातेलं घेऊन पुढे गेली.

* * *

मग प्रज्ञाची इटलीत कॉन्फरन्स निघाली. मिलिंदही जाणार होता. सिद्धार्थने आम्हालाही सोबत घेतलं, कॉन्फरन्स संपली की गाडी भाड्याने घेऊन जुनी गावं बघायची. प्रज्ञाची एकच अट, "अर्धा रस्ता मी चालवणार." सिद्धार्थ हो म्हणाला. मी साक्षीला होते.

मिलिंदने आमच्या डायनिंग टेबलावर क्लास घेतला. तिकडे म्हणे जुन्या गावांत आत फक्त तिथे राहणाऱ्यांच्या गाड्या जातात. बाहेरच्याने नेली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. खूण काय? पांढरी गोल पाटी, भोवती लाल कड. फोनवर दाखवत होता, पण बघतंय कोण? सगळ्यांचं लक्ष भाकरीत.

मी उठले. पांढरं ताट घेतलं, काठाने लसणीची लाल चटणी गोल लावली आणि टेबलाच्या मधोमध आपटलं. "हे दिसलं की आत जायचं नाही. कळलं?"

"मावशी, तुम्ही युनिव्हर्सिटीत शिकवायला पाहिजे," मिलिंद म्हणाला, आणि भाकरीने ती खूण पुसून खाऊन टाकली.

* * *

इटलीत काउंटरवर दुसरा ड्रायव्हर म्हणून प्रज्ञाचं नाव लावलं, जादा पैसे भरून. तिने सही केली, पर्समधून गॉगल काढला. सिद्धार्थ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

"इथे सगळं उजव्या बाजूने चालतं. मी जरा अंदाज घेतो, मग तू."

दिवसभर अंदाज घेतला! नाव लावलं, हात लावू दिला नाही.

* * *

आता पहिलं गाव. दगडी वेस, अरुंद गल्ली आणि वेशीवर लख्ख पांढरी पाटी, लाल कड. मागच्या सीटवरून आम्ही तिघं एकदम ओरडलो, "चटणी! चटणी!"

सिद्धार्थ तसाच आत. वर म्हणतो कसा, "ओरडता काय? टिंग वाजलं का? वाजलं नाही म्हणजे लागलं नाही."

इतकी वर्षं सिंगापुरात काढल्यावर माणसाचं हे असं होतं. जगातला प्रत्येक दंड आधी घंटी वाजवून येतो असं वाटायला लागतं!

"अरे, इथला कॅमेरा मुका असतो," मिलिंद म्हणाला. तेव्हा कुठे हा घाबरला. बाहेर पडायला वळला तर गल्ल्या एकेरी. फिरून पुन्हा त्याच वेशीतून आत. पुन्हा चटणी. मग चिडला, जीपीएसशी भांडला, आणि तिसऱ्यांदा आत! वेशीजवळ बाकावर एक म्हातारा बसला होता. पहिल्यांदा त्याने नुसतं बघितलं, दुसऱ्यांदा मान हलवली. तिसऱ्यांदा ओळखीचा झाल्यासारखा हात केला.

मीही केला.

* * *

दुसऱ्या गावात आमचं हॉटेलच वेशीच्या आत होतं. मालकीणबाई भली. गाडीचा नंबर पाठवा, मी तुमची परवानगी काढून ठेवते म्हणाली. मिलिंदने विमानतळावरच नंबरप्लेटचा फोटो काढून तिला पाठवला होता. आम्ही ऐटीत आत शिरलो. म्हणजे चटणीच्या ताटासमोर मी तर मान ताठ करून बसले होते.

संध्याकाळी बाई फोन हातात घेऊन अंगणात आली. गाडीकडे बघते, फोनकडे बघते, परत गाडीकडे बघते. शहाण्या मिलिंदने पार्किंगमधल्या शेजारच्या गाडीचा फोटो काढला होता! ज्याची कुणाची ती गाडी असेल, त्याला त्या गावात मोकळी वाट. चोर आम्ही.

बाईने हसत हसत नंबर बदलून घेतला, म्हणून निभावलं. मिलिंद त्या रात्री स्वतःहून भांडी घासायला निघाला होता. हॉटेलात!

* * *

परतीच्या दिवशी गाडी विमानतळावर सोडायची होती. मोठा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, गर्दीचं नाव नाही. प्रज्ञा म्हणाली, "आता तरी दे. इथून विमानतळापर्यंत."

"आज नको गं. विमान चुकेल."

तिने गॉगल डबीत घातला, डबी पर्समध्ये. खिडकीबाहेर बघत राहिली. गाडीत कुणी हसलं नाही. मी माझ्या मुलाच्या मानेकडे बघत होते आणि त्याला लहानपणी दोन कमी दिल्या असं मला वाटत होतं.

* * *

दंड आले. सावकाश, पण आले. एकाच वेशीचे, एकाच दुपारचे, तीन.

"एकाच चुकीचे तीन दंड? हा काय न्याय आहे?" सिद्धार्थ घरभर फिरत होता.

मैत्रीने होमवर्कमधून मान वर केली नाही. "थ्री टाइम्स टिंग, लाह."

* * *

आणि आता गेल्या महिन्यातलं. रविवार होता, पासिर रिसच्या समुद्रावर मिलिंदसोबत डबा खायला जायचं होतं. सिद्धार्थने सकाळी भाड्याची गाडी आणून ब्लॉकखाली लावली आणि चटई विसरली म्हणून परत वर गेला. किल्ली त्याने माझ्या हातात दिली होती, डबे ठेवायला.

तो खाली आला तेव्हा आम्ही तिघी गाडीपाशी उभ्या होतो. प्रज्ञाच्या डोळ्यांवर गॉगल. सिद्धार्थने सवयीने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि तसाच थांबला.

सीटच्या मधोमध माझं पांढरं ताट होतं. काठाने गोल, ताजी लाल चटणी.

त्याने ताटाकडे बघितलं. प्रज्ञाकडे बघितलं. मैत्री तिच्या सँडलचा पट्टा लावत होती, तो आधीच लावलेला होता. मी वरच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे बघत होते.

सिद्धार्थने ताट उचललं, गाडीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसला. ताट मांडीवर. पट्टा लावला. प्रज्ञाने आरसा नीट केला, गाडी सुरू केली, पार्किंगमधून एका दमात बाहेर काढली.

पहिल्या सिग्नलला त्याने चटणीला बोट लावून चाटलं.

"आई, मीठ कमी आहे," तो म्हणाला.