खंडेनवमीचा झेंडू

हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी प्रकाश मोजतो, म्हणजे खरं तर अंधार सांभाळतो. अणूहून सूक्ष्म कण टिपणाऱ्या यंत्रांसाठी नवे सेन्सर बनताहेत. प्रकाशाचा एकच कण आला तरी ते दखल घेतात, म्हणून त्यांची चाचणी काळ्या, घट्ट बंद पेटीत होते. आत मिट्ट काळोख असतानाही सेन्सर 'प्रकाश दिसला' म्हणून फार बडबडू लागला, तर तो बाद. बाद करणारा मी. हा अधिकार मला भलताच आवडायचा.

त्या खेपेचे सेन्सर बेळगावकडच्या एका तरुण सहकारी बाईंनी दोन वर्षं खपून तयार केले होते. पास झाले तर मोठ्या प्रयोगात बसणार, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

खंडेनवमीला इथे बसपासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळ्यांना हार पडतो. मीही पेटीची पूजा केली. विज्ञाननिष्ठ माणूस असल्यामुळे अर्थातच नुसती प्रथा म्हणून. पण हार चांगला दोन पदरी आणला आणि झाकण उघडून आतही कुंकवाचं बोट टेकवलं. दसरा झाल्यावर हार काढून चाचणी लावली, तर एकूण एक सेन्सर बडबडत होता. तासाभरात मी सगळ्या गटाला मेल टाकली: सेन्सर सदोष आहेत.

मेल वाचून ती सहकारी आली. भांडली नाही. स्क्रीनवरचे आकडे बघत तिने विचारलं, "दिवा बंद करून बघितलासा काय, सर?"

पेटीत बाहेरचा उजेड शिरतोय का, हे ओळखायची ही पहिली पायरी. दारावर ती माझ्याच अक्षरात चिकटवलेली आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिने खोलीतला दिवा बंद केला आणि आकडे धपकन खाली आले. मग झाकण उचललं. कडेच्या रबरी पट्टीत झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने दुसरी मेल लिहायला बसलो: 'काही तांत्रिक कारणामुळे...'

ती माझ्या मागेच उभी होती.

"माझी दोन वर्षं गेली असती, सर," ती म्हणाली. "झेंडू लिहा."

मी तांत्रिक कारण खोडलं आणि झेंडू लिहिला. मग तिच्याकडे न बघता, पूजा कोणी केली होती तेही लिहिलं.