स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातली पहाट

भाताच्या भिजलेल्या पिंजाराचा, म्हणजे पेंढ्याचा, वास आला की मला मलकापूरच्या पुढचं, घाटाजवळचं ते शेत आठवतं. गोठवणाऱ्या थंडीत स्ट्रॉबेरीची कोणती रोपं तग धरतात, यावर मी संशोधन करत होते आणि माझी रोपं तिथं एका काकींच्या उतारावरच्या तुकड्यात, पिंजार अंथरून लावली होती. त्या पहाटे पानांवरचं दव चक्क गोठलं होतं. एवढी थंडी तिकडं क्वचितच पडते, म्हणून मी हरखून धुक्यातच वाफ्यात बसले आणि काळवंडलेली पानं तपासू लागले. समोर कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. मला वाटलं, म्हैस सुटली असेल. तेवढ्यात मागून काकींनी माझा खांदा आवळला. "हलू नगंस पोरी. गवा हाय." धुक्यातून आधी शिंगं दिसली, मग ती रुंद काळी छाती. रोपं तुडवत तो सरळ आमच्याकडंच आला. काकी सावकाश माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. गवा थांबला, फुरफुरला, बराच वेळ बघत राहिला आणि बांधावरून खाली उतरून गेला. "काकी, तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं. त्या मटकन खाली बसल्या. "गेल्या साली आमच्या मालकांस्नी हितंच गव्यानं मारलं की गं," एवढं बोलल्या आणि मग त्यांचं सगळं अंग थरथरायला लागलं. त्या थंडीतूनही माझी बरीच रोपं जगली, माझं संशोधनही पुरं झालं. पण धुकं असलं की मी आजही शेतात पाऊल टाकत नाही.