अवीच्या गाडीतला वारा

वायरमामा गाडीचं बॉनेट कधीच आधी उघडत नसत. आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे आणि मालकाला विचारायचे, "बिघडायच्या आधी हिला शेवटचं काय सांगितलं होतंस?" घाईतलं गिऱ्हाईक हिब्रूतून वैतागायचं. मामा ढिम्म! उत्तर मिळाल्याशिवाय हात लावणार नाहीत. इस्रायलमधल्या आमच्या डिमोना गावातल्या निम्म्या गाड्यांचं वायरिंग त्यांनीच केलेलं, म्हणून ते साऱ्या गावाचे वायरमामा.

माझ्या गाडीचा एसी ऐन ऑगस्टात बिघडला तेव्हा मलाही तोच प्रश्न. मी दवाखान्यात नर्स, दिवसभर लोकांना सुया टोचून दमलेली. म्हटलं, "मामा, गाडीशी गप्पा मारायला मला वेळ नाही हो!" पंखा भसाभसा गरम वारा सोडत होता आणि बटणांची पट्टी काळी पडली होती. त्यांनी तपासायचं मशीन जोडलं. पट्टीचा आणि पंख्याचा संपर्कच तुटला होता. "हे बघ बाये," मामा म्हणाले, "बटणं वरून सांगतात, पंखा खाली ऐकतो. मधली तार तुटली की बिचारा शेवटचं ऐकलेलंच करत बसतो. आज्ञाधारक पोर!" तार जोडली तशी पट्टी उजळली, पंखा क्षणभर थांबला आणि नव्याने सुरू झाला. "मागचं विसरला बघ," मामा हसले.

त्यांचं स्वतःचं पोर मात्र तसं आज्ञाधारक नव्हतं. अवी इथंच जन्मलेला. अलिबागहून इथं आलेले ज्यू आईबाप तिकडच्या मराठीत बोलायचे, हा हिब्रूत उत्तर द्यायचा. त्याने गाडी घेतली तेव्हा रिवकामामीने मलिदा केला. पोहे, खोबरं, साखर, फळं. संदेष्ट्या एलियाहू हनाबीचं नाव घेतलं आणि पहिली चिमूट गाडीत ठेवली. अवीला थंड वाऱ्याचं भारी वेड. मामी शेजारी बसली की ओरडायची, "कमी कर रे, हाडं गोठली माझी!" आणि तो म्हणायचा, "रेगा, इमा!" म्हणजे थांब ना आई, एक मिनिट. ते मिनिट कधी संपायचं नाही.

राखीव सैनिक म्हणून बोलावणं आलं आणि अवी गेला. परत आलीच नाही स्वारी. गाडी त्याने बसस्थानकावर लावलेली. ती मामांनी घरी आणली. पुढे त्याच्या कबरीवर जायला मामी तीत बसली, चावी फिरली आणि काळ्या पट्टीखालून बर्फासारखा वारा सुटला. मामी किंचाळत खाली उतरली. "तो आहे आत! नीट करा नाहीतर विका ती गाडी!"

मामांनी दोन्ही केलं नाही. इमारतीखाली गाडी उभी राहिली. दर शुक्रवारी, मामी शब्बाथच्या पवित्र दिवसासाठी मेणबत्त्या मांडत असताना, खालून इंजिनाची घरघर यायची आणि वर तिच्या हातून काडी निसटायची. त्यापायी दोघांचं बोलणंही तुटलं. मला राग आला. खाली जाऊन म्हटलं, "मामा, गावाच्या गाड्या दुरुस्त करता आणि घरच्या बाईला असं भेवडावता? लाज नाही वाटत?"

ते सीटवर बसून होते, हात वाऱ्यात धरलेला. "बिघाड ठाऊक आहे मला," म्हणाले. "चहा थंड व्हायच्या आत होईल काम. पण बाये, या पंख्याला शेवटचं सांगितलं ते अवीच्या बोटानं. तार जोडली की पुसलं जाणार. बॅटरी उतरली तरी जाणार, म्हणून दर आठवड्याला सुरू करतो."

मी विचारलं, "मामीला सांगितलंत?"

"कसं सांगू? मला मराठीत सांगता येत नाही, हिब्रूत तर नाहीच."

ते न सांगताच मामा गेले, हृदयविकारानं. दुखवट्याचे सात दिवस सरले आणि मामीने चावी माझ्या हातात ठेवली. "नीट करून आण आणि विकून टाक." बेरशेबाच्या गॅरेजवाल्याने मशीन लावलं, म्हणाला, संपर्क तुटलाय, आत्ता जोडतो. त्याने पट्टी उचकटायला हात घातला आणि मी ओरडलेच, "नको!" तशीच गाडी घेऊन परत आले आणि मामांचं बोलणं मामीला शब्दन्‌शब्द सांगितलं.

ती उठली. आत गेली, शाल घेऊन आली, पुढच्या सीटवर बसली. "कर सुरू."

वारा सुटला. तिनं जाळीसमोर हात धरला. "अवी, कमी कर रे, हाडं गोठली माझी." आणि मान कलती करून उत्तराची वाट पाहत राहिली. मीही पाहत राहिले, खोटं कशाला सांगू? वारा तसाच येत होता.

आता शुक्रवारी गाडी मी सुरू करते. गेल्या हिवाळ्यात एकदा ताप होता म्हणून खाली उतरले नाही. दार वाजलं. शाल गुंडाळून, धापा टाकत मामी उभी.

"अगो, ऊठ ना! बॅटरी उतरली तर जाईल ना माझा पोर!"