सव्वीस नंबरचं घर

गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दीपमालाला मिळालं ते वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्याआधी भूगोलात एम.ए. करून तिनं अकोल्यातल्या एका कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं होतं. यंदा परत बोलावतील की नाही, या धास्तीत दरवर्षीचा जून जायचा. अमरावतीतल्या एका विद्यापीठानं उष्णतेच्या संशोधनासाठी तिला घेतलं, तेव्हा तिची आई ते कार्ड कितीतरी वेळ उलटंसुलटं करून पाहत बसली होती.

त्या कामात डॉक्टर होते, शेतीचे प्राध्यापक होते आणि सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या समाजशास्त्राच्या माधवी मॅडम होत्या. वाढत्या उन्हात माणसाच्या शरीराचं, कामाचं, घराचं काय होतं, ते सगळ्यांनी मिळून शोधायचं होतं. बाळापूर तालुक्यातल्या एका गावात चाळीस घरांच्या भिंतींवर काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डब्या लावल्या होत्या. डबी दर तासाला घरातलं तापमान टिपायची. दर तिसऱ्या दिवशी दीपमालानं जाऊन ते मोबाइलवर उतरवायचं, घरच्यांची तब्येत विचारून लिहायची. एक नियम मात्र कडक होता. मे संपेपर्यंत कुणाला काही सुचवायचं नाही. लोक एरवी राहतात तसेच राहिले पाहिजेत, नाहीतर नोंदी कामाच्या राहत नाहीत.

सव्वीस नंबरच्या घरात चंदा होती. सातवा महिना लागलेला. नवरा पुण्याकडे बांधकामावर, घरी सासू सुभद्राबाई. दोन खोल्या, वर टिनं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दीपमालानं तिथल्या नोंदी उतरवल्या आणि तिची बोटं थांबली. लागोपाठ तीन दिवस दुपारी चव्वेचाळीसच्या वर.

"चंदा, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय ताई. जराशी गरगर होऊन राहिली, बस."

"लघवीले किती खेपा गेली सकाळपासून?"

चंदा लाजली. मग म्हणाली, "आज गेलीच नाई."

तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. शाळेच्या पक्क्या खोलीत गारवा होता, तिथं जाऊन पड, असं दीपमालाच्या अगदी तोंडावर आलं. तिनं ते गिळलं. 'गरगर' एवढंच लिहिलं आणि चारच्या एसटीनं ती अकोल्याला परतली.

जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, तर डोकं दुखतं म्हणाली. नियम मोडला तर काम जाईल, आणि नाही मोडला तर? फोन करावा म्हणून दोनदा माधवी मॅडमचं नाव काढलं आणि दोन्ही वेळा फोन ठेवून दिला. एवढ्यातेवढ्यावरून घाबरणारी बाई, असं त्यांना वाटलं तर?

दुसऱ्या दिवशी गावाला जायची पाळी नव्हती. तरी सकाळच्या पहिल्या गाडीत ती बसली.

सुभद्राबाई दारातच भेटल्या. "आज काहून आली व तू? बरं झालं आली. सून उठूनच नाई राहिली."

चंदाचं अंग तापलेलं होतं आणि बोलणं अडखळत होतं. दीपमालानं गावातला ऑटो बोलावला, ओल्या लुगड्यात तिला गुंडाळलं आणि तालुक्याचा दवाखाना गाठला. नर्सनं चंदाच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र ठेवलं. काहीच ऐकू येईना. नर्सनं जागा बदलली, पुन्हा बदलली. सुभद्राबाईंनी दीपमालाचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग घोडा पळावा तसे ठोके आले. फार जलद होते, पण होते. सलाइन लावून चंदाला अकोल्याला हलवलं.

तिथल्या व्हरांड्यातून दीपमालानं शेवटी फोन केला. "मॅडम, माझ्या हातून नियम मोडला," म्हणत सगळं सांगितलं.

मग माधवी मॅडम म्हणाल्या, "काल तुला कळलं होतं?"

"हो."

"मग काल का नाही मोडलास?"

रात्रभर दीपमाला ज्या चुकीला भीत होती ती चूकच नव्हती. खरी चूक आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

"आणि आमचीही चूक आहे," मॅडम पुढं म्हणाल्या. "अशा वेळी काय करायचं, हे आम्ही लिहूनच दिलं नव्हतं."

अमरावतीच्या बैठकीत वाद झाला. सव्वीस नंबरच्या नोंदी बाद झाल्या. डॉक्टरांनी धोक्याची लक्षणं लिहून काढली. ती दिसली की मोजमाप सोडून आधी माणूस, असं ठरलं. दीपमालाचं काम टिकलं, पण वर्षापुरतंच.

चंदाला जुलैत मुलगी झाली. दोन किलोलाही जराशी कमीच. सुभद्राबाईंनी फोनवर तिचं रडणं ऐकवलं, तेव्हा दीपमाला मनातल्या मनात त्या आवाजाची ताकद जोखत होती.

पुढच्या उन्हाळ्याची यादी आली आहे. साठ घरं आहेत, त्यांतल्या नऊ घरांत गरोदर बाया. दर तिसऱ्या दिवशी जायचं, असंच कागदावर आहे. दीपमालानं आत्ताच नऊही घरांचे फोन नंबर मागून घेतलेत.