गांगुर्डे बाईंचा ‘बट’

आमच्या वहीत ‘बट’ दिसला की गांगुर्डे बाईंचा लाल पेन थांबायचा. मान वर न करता त्या विचारायच्या, "इथे कुणाला बाहेर काढलंस?" आठवीत पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला काहीच कळलं नाही. मग बाईंनी सांगितलं, की जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता ‘बाहेरच्या बाजूला’. त्याचा पुढे ‘वगळून’ झाला आणि होता होता ‘पण’ झाला. "ऑल बट वन म्हणजे एक सोडून सगळे. तो एक कोण, ते आधी बघायचं," असं त्या म्हणायच्या.

ही नाशिकरोडची गोष्ट, नव्वदीच्या दशकातली. बाई आमच्याच बौद्ध वस्तीत वाढलेल्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. माझे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात हेल्पर होते.

दहावीत मी एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. त्यावर मुख्याध्यापकांनी इंग्रजीत शिफारस लिहिली: मुलगी मागास वस्तीतली आहे, बट स्वच्छ आणि हुशार आहे. बाईंनी ती वाचली आणि मला घेऊन तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

"सर, हा ‘बट’ काढा. तिथे ‘अँड’ लिहा."

"बाई, मी कौतुकच केलंय तिचं."

"वस्तीतले सगळे घाणेरडे आणि मठ्ठ, ही तेवढी वेगळी, असं लिहिलंय तुम्ही. याला कौतुक म्हणतात?"

"एवढ्याशा शब्दाचं किती मनाला लावून घेता?"

"माझ्या नेमणुकीच्या वेळीही माझ्याबद्दल असंच लिहिलं होतं. तेव्हा मी गप्प बसले. आज नाही बसणार."

सर हसले आणि फाइल उघडून बसले. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. तो पोचवायला माझे वडील तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले. कागदावरून वाद चाललाय, एवढं त्यांनी ओळखलं. ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या बाई. हाय तसा द्या. पोरीच्या हातचं जाईल."

बाईंनी कागद त्यांच्या हातात दिला.

मला शिष्यवृत्ती मिळाली. जूनमध्ये बाईंची बदली संस्थेच्या घोटीच्या शाळेत झाली. उद्धटपणा, असं कारण दिलं होतं म्हणे. रोज एसटीने जाऊन-येऊन त्यांनी तिथे निवृत्तीपर्यंत शिकवलं. सर दोन वर्षांनी सत्कार घेऊन निवृत्त झाले. त्या सत्काराचा फोटो शाळेत अजून आहे. बाईंचा एकही नाही.

मी नोकरीला लागल्यावर बाईंना भेटायला गेले. बोलता बोलता मी म्हणाले, "सरांपेक्षा मला वडिलांचाच राग येतो. त्यांना इंग्रजी कळलं असतं, तर ते असे वाकले नसते."

बाई एकदम कडक झाल्या. "ज्याने लिहिलं त्याला सोडून बापावर राग काढतेस? त्यांच्या मनात काय होतं, विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. त्यांना पोचवून आल्यावर ओट्यावर वडिलांशेजारी बसले आणि विचारलं, "दादा, त्या दिवशी सरांनी काय लिहिलं होतं, ते तुम्हाला ठाऊक होतं का?"



"वीजकेंद्रातल्या इंग्रजी पाट्या वाचून वाचून येत होतं तेवढं," ते म्हणाले. "बाईंनी कागद हातात दिला, तेव्हा दारातच वाचलं होतं मी. तरी नेऊन दिला."