ठरावराव

आमच्या बोर्डिंगात ठरावरावाच्या तावडीतून वांग्याची भाजीसुद्धा सुटली नव्हती. मूळ नाव दत्ताजी, नेसरीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पण उठताबसता ठराव मांडायचा, म्हणून ठरावराव. वांगं करायचं की बटाटा, दिवा कधी मालवायचा, सगळ्याला मतदान. पोटात कावळे ओरडत असायचे आणि हा आचाऱ्याच्या वाटेत उभा राहून विचारायचा, "अनुमोदन कोण देतंय?" ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटायचं.

एकमत झालं की तो अस्वस्थच व्हायचा. "सगळीच हात वर करत्यात म्हंजी कोण तरी भ्यालंय. एक तरी विरोधात पायजेच की!" मग कुणीच नसेल तर तो स्वतः विरोधात हात वर करायचा. बासुंदीच्या ठरावालाही त्याने विरोध केला आणि नंतर सगळ्यांत जास्त बासुंदी त्यानेच ओरपली.

देश स्वतंत्र झाला होता, पण आमच्या संस्थानात अजून वरून येईल तो हुकूम. लोकांनी निवडलेलं सरकार हवं म्हणून आम्ही विद्यार्थ्यांनी प्रभातफेरी काढायचं ठरवलं आणि नेमकी जमावबंदी लागली. फेरी राजवाड्याच्या भवानी मंडपावर न्यायची की गल्लीबोळांतून, यावर ठरावरावाने सभा भरवली. मी मंडपाच्या बाजूने, तो विरोधात. "तितं पोलीस लाठ्या घिऊन उभं हाईत. हातपाय मोडून घ्याचं काय कारण?" मग उपसूचना, उपसूचनेला दुरुस्ती. शेवटी मी ओरडलो, "अरे, राज्य मागायला निघालोय की पंगत बसवायला?"

"मत घ्याची सवय आत्ताच लावली न्हाय, तर राज्य मिळून काय करशील?" तो म्हणाला.

मतं घेतली. तो एका मताने हरला.

सकाळी वाटलं, आता हा पांघरूण ओढून पडेल. पाहतो तर झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे!

"तू विरोधात होतास ना?"

"हुतो की. पर ठराव झालाय न्हवं?"

मंडपापाशी लाठ्या बसू लागल्या. त्याने ना हात उगारला, ना झेंडा सोडला. उजवा हात खांद्यापाशी मोडला. दवाखान्यात मी त्याच्यावर खेकसलो, "तुझंच खरं होतं, मग मरायला पुढे कशाला गेलास?"

"हरल्यालं घरात बसाय लागलं, तर पुन्यांदा मत कोण घील, लेका?"



तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. संस्थान विलीन झालं, निवडणुका आल्या. ठरावराव गावाकडे मास्तर झाला आणि ऐन तिशीत काविळीने गेला.

बोर्डिंगात आम्ही जुने विद्यार्थी शोकसभेला जमलो. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "शोकठराव एकमताने संमत झाला, असं समजतो."

समजतो? माझं डोकंच फिरलं. मी उठून म्हणालो, "मतं घ्या."

लोक चमकले, पण हात वर झाले. अध्यक्षांनी नाइलाजाने विचारलं, "विरोधात कुणी?"

तो गेला, हे मला मंजूर नव्हतं. मी हात वर केला.